तिवराची पाने, अळी आणि हिशेबाची वही

पावसाळा सरत आला की एखाद्या वर्षी ठाण्याच्या खाडीकाठची तिवरे अचानक तपकिरी दिसू लागतात. आठ-पंधरा दिवसांपूर्वी हिरवीगार असलेली झाडी पुलावरून जाणाऱ्या बसच्या खिडकीतून पाहिली, तर वणवा लागून गेल्यासारखी वाटते. मग चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, रात्रीतून विष ओतले. कोणी म्हणते, कारखान्याचे पाणी सोडले. मुंबईच्या परिसरात भराव घालून, बांध टाकून, पाणी अडवून खारफुटी मारली गेल्याचा इतिहास ताजा आहे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली, ती काही उगाच नव्हे. त्यामुळे असा संशय येणाऱ्याला आपण वेडा म्हणू शकत नाही.

पण जवळ जाऊन पाहिले तर गोष्ट निराळी असते. पाने वाळलेली नसतात, ती नसतातच. देठाला मधली शीर तेवढी लटकत असते. फांद्यांवरून रेशमाचे बारीक धागे लोंबत असतात आणि चिखलावर काळसर बारीक कण, म्हणजे अळ्यांची लेंडी, पडलेली असते. हा सगळा उद्योग हिब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळीचा. (अंगावर केसांची दाट लव असलेल्या अळीला आपण सुरवंट म्हणतो. ही गुळगुळीत असते, म्हणून अळीच म्हणू.)

काही वर्षांपूर्वी आम्ही नववीच्या मुलांना घेऊन अशाच एका तिवराच्या राईत गेलो होतो. अळ्यांनी किती पाने खाल्ली ते मोजायचे ठरवले. पद्धत शाळेतलीच. प्रत्येक झाडावरून ठरावीक पाने तोडायची, आलेखाच्या कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, चौकोन मोजायचे, भोकांचे चौकोन वेगळे मोजायचे आणि शेकडेवारी काढायची. मुलांनी दोन तास मन लावून काम केले. वर्गात येऊन फळ्यावर बेरीज मांडली, तर उत्तर अगदी किरकोळ आले. आमच्या गणिताप्रमाणे झाडांचे जवळजवळ काहीच नुकसान झाले नव्हते. आणि त्याच झाडांच्या निम्म्या फांद्या उघड्या पडलेल्या आम्ही सगळ्यांनी सकाळीच पाहिल्या होत्या!

चूक कुठे झाली हे कळायला फार वेळ लागला नाही. आम्ही फक्त उरलेली पाने मोजली होती. जी पूर्ण खाल्ली गेली, ती आमच्या पिशवीत येणार कशी? दहा पाने होती असे धरू. चार पूर्ण गेली आणि उरलेल्या सहांना प्रत्येकी पाच टक्के भोके पडली. उरलेली पाने पाहणारा म्हणेल, नुकसान ५ टक्के. खरा हिशेब मात्र ४ गुणिले १०० अधिक ६ गुणिले ५, भागिले १०, म्हणजे ४३ टक्के.

आमची ही चूक वर्गात हसण्यावारी गेली. पुढे या विषयाचे जुने लेखन चाळले तेव्हा लक्षात आले की मोठमोठ्या अभ्यासकांनाही या कोड्यातून बाहेर यायला बरीच वर्षे लागली होती.

खारफुटीची पाने कीटक फारसे खात नाहीत, असा समज बराच काळ रूढ होता. त्याला कारणेही पटण्याजोगी होती. पाने जाड, चिवट. कांदळाच्या पानात आणि सालीत टॅनिन भरपूर. तिवराच्या पानावर तर मिठाचे कण दिसतात, जिभेला लावून पाहिले की खारट लागते. असले पान कोण खाईल? या समजाला आकड्याचे बळ मिळाले ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एरिक हील्ड आणि विल्यम ओडम या दोन तरुण अभ्यासकांनी तिथल्या एव्हरग्लेड्स भागातल्या नॉर्थ रिव्हर या नदीकाठच्या खारफुटीचा अभ्यास केला. तिथले मुख्य झाड म्हणजे आपल्या कांदळाचे भाऊबंद. त्यांना आढळले की जिवंत पानांपैकी जेमतेम ५ टक्के भाग कीटक वगैरे प्राणी खातात. बाकीची पाने गळून पाण्यात पडतात, कुजतात, त्यांच्यावर जिवाणू आणि बुरशी वाढते, तो कुजका चुरा कोळंबी-खेकडे खातात आणि त्यांना मासे खातात.

ही फार मोलाची गोष्ट होती. दलदलीतली निरुपयोगी झाडे म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जात होते, त्यांच्या पडलेल्या पानांवर मासेमारी उभी आहे हे या दोघांनी दाखवून दिले. जगभर खारफुटी वाचवण्याच्या बाजूने पुढे जे बोलले गेले, त्यात या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. पण त्याबरोबर तो ५ टक्क्यांचा आकडाही प्रवासाला निघाला. तो एका नदीकाठचा, मुख्यतः एकाच जातीच्या झाडांचा होता. ‘खारफुटीची पाने कीटक खात नाहीत’ असे सरसकट विधान त्यातून पुढे तयार झाले. त्याचा दोष आम्ही हील्ड आणि ओडम यांना देणार नाही. आकड्याला त्याचे ठिकाण आणि झाडाचे नाव जोडून न सांगण्याची सवय आपल्यालाही आहे.

खरे तर खाडीकाठच्या माणसांना कोणी विचारले असते तर त्यांनी हा समज तिथल्या तिथे खोडला असता. तिवराचा पाला शेळ्या-म्हशींना घालतात. कच्छमधले खाराई उंट तर खाडीतून पोहत जाऊन तिवर चरतात. तिवराचे पान खारट आहे खरे, पण कांदळाच्या मानाने त्यात टॅनिन कमी आणि नायट्रोजन जास्त असतो. जे शेळीला कळते ते अळीला कळणार नाही असे थोडेच आहे!

फ्लोरिडातच १९७७ साली ऑनफ, टील आणि व्हॅलिएला या तिघांनी एक सुरेख तुलना प्रसिद्ध केली. एका बेटावर पाणपक्ष्यांची वसाहत होती, म्हणजे झाडांना विष्ठेचे खत आयते मिळत होते. जवळच तशी वसाहत नसलेली झाडे होती. खत मिळालेल्या झाडांच्या पानांत नायट्रोजन जास्त भरला, ती अधिक जोमाने वाढली आणि त्यांची पाने कीटकांनीही अधिक खाल्ली. जात तीच, राज्य तेच, तरी आकडा बदलला. पुढे १९९० साली सिंगापूरच्या डी. एच. मर्फी यांनी तिथल्या खारफुटीवर जगणाऱ्या कीटकांची यादीच छापली. २१ वनस्पती, आणि त्यांच्यावर पोसणारे १०२ प्रकारचे कीटक! कोणी पान कुरतडणारे, कोणी पानाच्या दोन थरांमध्ये बोगदे काढणारे, कोणी रस शोषणारे, कोणी गाठी आणणारे. ‘कोणी खात नाही’ या समजाला त्यानंतर फारसा आधार उरला नाही.

आता मोजण्याच्या पद्धतीकडे पुन्हा वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्टसन आणि ड्यूक या दोघांनी १९८७ साली उत्तर क्वीन्सलँडमधल्या खारफुटीच्या पानांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एका साध्या गोष्टीवर बोट ठेवले. पान वाढते तसे त्याला पडलेले भोकही वाढते. समजा, कोवळे पान ४ चौरस सेंटिमीटरचे आहे आणि अळीने त्यातले १ चौरस सेंटिमीटर खाल्ले. पान वाढून २० चौरस सेंटिमीटरच्या आकाराचे झाले, तर भोक साधारण ५ चौरस सेंटिमीटरचे होते. आपण ते जून झालेले पान मोजले आणि म्हटले, ‘अळीने ५ चौरस सेंटिमीटर खाल्ले’, तर ते खोटे आहे. तिच्या पोटात १ च गेले. पण झाडाच्या बाजूने पाहिले तर ५ हेच खरे आहे, कारण तेवढा सूर्यप्रकाश झेलणारा भाग झाडाने कायमचा गमावला. प्रश्न एकच, भोक एकच, उत्तरे दोन. कीटकाच्या पोटात किती गेले हे हवे की झाडाचे किती गेले हे हवे, ते आधी ठरवावे लागते. (हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. जास्वंदीच्या किंवा भेंडीच्या कोवळ्या पानाला कागदाला भोके पाडायच्या यंत्राने एक भोक पाडा आणि दर चार दिवसांनी आलेखाच्या कागदावर पान आणि भोक दोन्ही उतरवून घ्या.)

दुसरी गोम म्हणजे आमची ती चूक, नसलेली पाने. मार्गारेट लोमन यांनी १९८४ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्जन्यवनांच्या संदर्भात हा मुद्दा ठामपणे मांडला. एकदाच जाऊन पाने तोडून मोजण्यापेक्षा त्यांनी फांदीवरच्या प्रत्येक पानाला खूण केली आणि महिनोन् महिने तीच पाने पाहिली. कोणते पान कधी फुटले, कधी कुरतडले गेले, कधी गायब झाले, याची नोंद ठेवली. एका भेटीत काढलेल्या आकड्यापेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आला. पुढे टाउन्सव्हिल येथील जेम्स कुक विद्यापीठात डेमियन बरोज यांनी हीच पद्धत तिवर आणि कांदळाच्या जातीवर वापरली. २००३ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधात तोच निष्कर्ष निघाला. सावकाश, खूण करून मोजलेले नुकसान झटपट मोजलेल्या नुकसानीच्या कित्येक पट होते. अळ्यांना कोवळी पाने आवडतात, आणि कोवळे पान लहान असल्याने पूर्णच संपते. मागे काही पुरावा राहत नाही.

इथवर झाला पानांचा हिशेब. आता अळीकडे येऊ, कारण तिचे नाव आपल्या देशात फार जुने आहे, मात्र खाडीतले नव्हे. ती ‘सागाची अळी’ म्हणून प्रसिद्ध आहे.

एकोणिसाव्या शतकात सागवान म्हणजे जहाज. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली जहाजे मलबारच्या सागाची असत. १८१७ साली इथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये पाहायला मिळते. जंगलातला साग संपत चालला, तेव्हा मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी १८४० च्या दशकात नीलांबूर येथे सागाची लागवड सुरू केली. चातू मेनन यांनी ती प्रत्यक्ष वाढवली. मैलोन् मैल एकाच जातीची झाडे रांगेत उभी राहिली. १८९८ साली त्रावणकोरचे वनाधिकारी बोर्डिलन यांनी सागाची पाने फस्त करणाऱ्या या अळीविषयी लिहिले. तिथून पुढे ती वनखात्याच्या कागदपत्रांत शिरली ती कायमचीच.

हा पतंग दिसायला साधाच. पुढचे पंख करडे-तपकिरी, मागचे काळे, त्यावर नारिंगी-पिवळे पट्टे. मादी कोवळ्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते, एकेक मादी शेकड्यांनी. अळी पानाच्या कडेला अर्धवट कापून तो तुकडा दुमडते, रेशमाने शिवते आणि त्या घरात राहून खाते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा सगळा प्रवास उबदार हवेत तीन आठवड्यांच्या आसपास उरकतो. केरळात वळवाच्या सरी पडून सागाला नवी पालवी फुटली की एप्रिलच्या अखेरीपासून तिचे थवे येतात.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ बीसन यांनी या अळीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९४१ सालच्या त्यांच्या ग्रंथात भारतातल्या जंगली कीटकांची माहिती एकत्र आली आहे. त्यांचा सल्ला आजही वाचण्यासारखा आहे. निव्वळ सागाची अखंड लागवड करू नका, मधे नैसर्गिक जंगलाचे पट्टे ठेवा, खालची झुडपे सरसकट साफ करू नका, म्हणजे अळीला खाणारे आणि तिच्यावर पोसणारे कीटक टिकून राहतील. हा सल्ला मानायचा तर लागवडीची जागा कमी होते. तो फारसा मानला गेला नाही. १९६५ साली केरळात सागावर विमानातून कीटकनाशक फवारून पाहण्यापर्यंत मजल गेली.

गंमत अशी की अळीने नक्की किती नुकसान होते हे तोपर्यंत कोणी नीट मोजलेच नव्हते. पाने गेली हे दिसत होते, पण ती पुन्हा फुटतात, झाड मरत नाही, मग नुकसान कशाचे? याचे उत्तर केरळातल्या पीची येथील वन संशोधन संस्थेच्या के. एस. एस. नायर आणि सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी नीलांबूरला सागाच्या कोवळ्या लागवडीचे तुकडे पाडले. काही तुकड्यांचे अळीपासून पाच वर्षे रक्षण केले, काही तसेच सोडले आणि लाकडाची वाढ मोजली. १९८५ साली निष्कर्ष आला. रक्षण केलेल्या सागात हेक्टरी वर्षाला ६.७ घनमीटर लाकूड वाढले, तसेच सोडलेल्यात ३.७. म्हणजे अळीने सुमारे ४४ टक्के वाढ गिळली होती. याच संस्थेत १९८० च्या दशकात या अळ्यांमध्ये साथ पसरवणारा एक विषाणूही ओळखला गेला. रासायनिक विषाऐवजी तो वापरण्याचे प्रयोग पुढे बरीच वर्षे चालले.

सागाच्या वहीत हा हिशेब चोख आहे. लाकूड विकायचे असेल तर हरवलेले घनमीटर हेच नुकसान. आता हीच अळी खाडीत कशी आली? ‘आली’ हा शब्दच बहुधा चुकीचा आहे. तिची यजमान झाडे ४५ च्या आसपास नोंदलेली आहेत आणि तिवर त्यांपैकी एक. जुन्या वर्गीकरणात साग आणि तिवर एकाच कुळात, निर्गुडीच्या कुळात, धरले जात. आज साग तुळशीच्या कुळात आणि तिवर अडुळशाच्या कुळात गेले असले, तरी दोन्ही कुळे जवळच्या नात्यातली आहेत. अळीने वर्गीकरणाचे पुस्तक वाचलेले नाही, पण नाते तिला जिभेने कळते. दूर ब्राझीलच्या उत्तर किनाऱ्यावर तिवराच्या तिथल्या जातीचा पाला याच नावाच्या पतंगाच्या अळीने फस्त केल्याचे २००५ साली मेलिग आणि मेनेझेस यांनी नोंदवले. हाँगकाँगजवळ माय पो येथे तिवराला ओकेबोके करणारी अळी मात्र वेगळ्याच पतंगाची निघाली. तो अभ्यास १९९५ चा.

पण खाडीत लाकडाचे घनमीटर कोणी मोजत नाही. मग इथे नुकसान कशात मांडायचे? मुंबईच्या तिवरांवर अरुण आणि महाजन यांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच या अळीच्या उद्रेकाचा तोटा आणि फायदा असे दोन्ही शब्द आहेत. आम्हाला हे महत्त्वाचे वाटते. झाडाच्या खात्यात पाने गेली, पुन्हा पाने फुटण्यासाठी साठवलेले अन्न खर्च झाले, हा तोटा खराच. पण खाल्लेले पान नाहीसे झालेले नाही. त्यातला काही भाग लेंडीच्या रूपाने चिखलात पडला आणि सावकाश कुजणाऱ्या जाड पानापेक्षा लवकर विरघळला. काही भाग अळ्यांच्या रूपाने पक्ष्यांच्या पोटात गेला. हील्ड आणि ओडम यांनी काढलेल्या चित्रात पान आधी गळते आणि मग कुजते. इथे त्या दोहोंच्या मधे एक अळी आली, इतकेच.

आणि फवारणीचे काय? झाडे तपकिरी झाली की ही मागणी कोणीतरी करतेच. कीटकनाशकाला अळी आणि कोळंबी यांतला फरक कळत नाही. चिंबोरी, कोळंबी आणि अळी ही तिघेही सांधेपायी प्राणी, तेव्हा जे अळीला मारते ते बहुधा त्यांनाही मारते. सागाच्या जंगलात फवारलेले विष निदान डोंगरावर पडत होते. तिवराखाली तर दिवसातून दोनदा भरतीचे पाणी येते आणि तेच पाणी निवट्यांच्या बिळांतून, कोळ्यांच्या जाळ्यांतून परत जाते. ज्या झाडाला काही आठवड्यांत आपोआप पालवी फुटणार आहे, त्याच्यासाठी कोळीवाड्याच्या ताटात विष कालवण्याचा हा व्यवहार आम्हाला मुळीच पटत नाही.

मात्र याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘अळीनेच खाल्ले’ हे उत्तर कोणाला सोयीचेही पडू शकते. म्हणून प्रत्यक्ष जाऊन तपासणे आलेच. अळीने खाल्लेल्या झाडाची बारीक फांदी नखाने खरवडली तर आत हिरवी, ओलसर साल दिसते. मेलेल्या झाडाची फांदी कोरडी, कटकन मोडणारी असते आणि तिची वाळलेली पाने बरेचदा अखंडच फांदीवर किंवा खाली सापडतात. धागे, लेंड्या, दुमडलेली पाने, उरलेल्या शिरा दिसतात का ते पाहावे. शेजारचे कांदळ आणि चिप्पी हिरवे आहेत का? अळी निवडून खाते, तर अडवलेले पाणी किंवा भराव झाडाची जात विचारत नाही. आणि शेवटी भरतीचे पाणी पूर्वीसारखे आत येते की नाही, हे काठावरच्या मासेमारी करणाऱ्या मावशींना विचारावे. बांध कधी पडला ते त्या तारीखवार सांगतात.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच राईत परत गेलो, ते पाऊस सुरू व्हायच्या आधीच. या वेळी पाने तोडली नाहीत. मुलांनी प्रत्येकी एक फांदी निवडली, तिच्यावरच्या प्रत्येक पानाच्या देठाला रंगीत दोरा सैलसर बांधला आणि वहीत क्रमांक घातले. दर पंधरा दिवसांनी ओहोटीची वेळ पंचांगातून काढून जायचे, पान आहे की नाही ते पाहायचे, असेल तर जागेवरच कागद मागे धरून उतरवून घ्यायचे. सप्टेंबरच्या एका फेरीत वहीच्या पानांवर पुष्कळ ठिकाणी फुली पडली. दोरा आहे, देठ आहे, पान नाही. फळ्यावर बेरीज केली तेव्हा उत्तर डोळ्यांनी पाहिलेल्या झाडांशी जुळले. त्यापुढच्या फेरीला फांद्यांच्या टोकांना फिकट हिरवी पाने फुटलेली होती आणि मुलांकडचे दोरे संपले होते, म्हणून त्यांनी उघड्या देठांवरचे जुने दोरे सोडून नव्या पानांना बांधायला घेतले.